एच-इंडेक्स ९४ की १९? न्यूक्लिअर फिजिक्सवाल्यांचा आकडा कसा वाचायचा

प्रश्न असा आलाय. विचारणारी माझ्या मैत्रिणीची मुलगी, राहते डोंबिवलीला, कलिन्याला एमएस्सी फिजिक्स करतेय आणि पीएचडीला न्यूक्लिअर घ्यायचंय. समोर दोन गाइड आहेत. एका सरांचे ८०० च्या वर पेपर आणि एच-इंडेक्स ९४, दुसऱ्या मॅडमचे ७२ पेपर आणि एच-इंडेक्स १९. वय दोघांचं सारखंच. बाबांनी गुगल स्कॉलर उघडलं आणि निकाल देऊन मोकळे झाले, की यात विचार काय करायचाय, ९४ म्हणजे ९४. पोरीला मात्र मॅडमशी बोलून आल्यापासून तिकडेच जावंसं वाटतंय, म्हणून तिने मला विचारलं की मावशी, आकडा बघू की नको?

बघ ना, जरूर बघ. फक्त तो कशाचा आकडा आहे ते आधी समजून घे. मी तीसेक वर्षं एक्स्पेरिमेंटल न्यूक्लिअरमध्ये काढली, कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर, म्हणजे आयनांचा झोत सोडणाऱ्या मशीनवर, रात्रपाळ्या केल्या, आणि नंतर सिलेक्शन कमिट्यांवर बसून इतरांच्या पेपरांच्या याद्या वाचल्या, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हा प्रकार पाहिलाय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी एच-इंडेक्स म्हणजे काय ते, कारण बाबांना ते बहुतेक मार्कांसारखं काहीतरी वाटतंय. पेपर सायटेशनच्या, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात त्याचा किती वेळा हवाला दिला त्याच्या, उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं, जिथपर्यंत पेपरचा नंबर त्याच्या सायटेशनपेक्षा मोठा होत नाही तिथपर्यंत. समजा पाच पेपर आहेत, सायटेशन ४०, २२, ९, ४ आणि ३. चौथ्याला ४ आहेत, पाचव्याला ३ च आहेत, म्हणजे एच झाला ४. आता पहिल्याचे ४० च्या जागी ४००० झाले तरी एच ४ च राहणार. २००५ साली होर्हे हिर्श नावाच्या फिजिसिस्टने हे काढलं, आणि त्यानेच लिहिलं होतं की वीस वर्षं काम करून एच २० असेल तर माणूस यशस्वी समजायला हरकत नाही, ४० असेल तर फारच भारी. म्हणजे मॅडमचा १९ हा काही पडलेला आकडा नाहीये, ते बाबांना पहिलं सांग. पुढे २०२० मध्ये हिर्शने स्वतःच कबुली दिली की हे माप भलत्या दिशेला नेऊ शकतं आणि त्याचे वाईट परिणामही झालेत. पण तोवर आपल्याकडे प्रमोशनच्या फॉर्मात एच-इंडेक्सचा रकाना आलेला होता आणि रकाना एकदा आला की तो जात नाही.

आता ९४ कुठून येतो ते बघ. तुझे सर हेवी आयनवाले, म्हणजे जड न्यूक्लियस प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणारे, आहेत असं तू म्हणालीस, म्हणजे जिनेव्हाच्या एलएचसी या महाकाय मशीनवरचा अ‍ॅलिस किंवा अमेरिकेतल्या ब्रूकहेवनचा स्टार, असल्या एखाद्या कोलॅबरेशनमध्ये, म्हणजे शेकडो लोकांनी मिळून चालवलेल्या प्रयोगात, असणार. अ‍ॅलिसच्या एका पेपरवर हजाराच्या आसपास नावं असतात, आडनावाच्या एबीसीडीप्रमाणे. नियम असा असतो की तू कोलॅबरेशनमध्ये ठरलेलं काम केलंस, म्हणजे शिफ्टा भरल्यास, डिटेक्टरची देखभाल केलीस, सॉफ्टवेअरचा एखादा भाग सांभाळलास, की तू ऑथर लिस्टवर येतेस आणि मग त्या काळात निघणाऱ्या सगळ्या पेपरांवर तुझं नाव लागतं, तू तो पेपर वाचलास की नाही हा प्रश्नच येत नाही. २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या एलएचसीवरच्याच दोन प्रयोगांचा हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा एकत्र पेपर निघाला त्यावर ५१५४ नावं होती. ३३ पानांचा पेपर, फिजिक्स पहिल्या ९ पानांत आणि उरलेल्या २४ पानांत माणसं आणि त्यांच्या संस्था. तो पेपर त्या पाच हजार लोकांच्या प्रत्येकाच्या यादीत एक पूर्ण पेपर म्हणून बसलाय, आणि त्याची सगळी सायटेशन प्रत्येकाला पूर्णच्या पूर्ण मिळतात, भागून वगैरे नाही. सोसायटीच्या गच्चीचं क्षेत्रफळ प्रत्येक फ्लॅटवाल्याने आपल्या नावावर पूर्ण दाखवावं तसं.

यात फसवणूक कुणाची नाहीये बरं का. या लोकांनी कामं केलीत, आणि आपल्या लोकांनी तर भरपूर. सीएमएसचा आउटर हॅड्रॉन कॅलोरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारा डिटेक्टर, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बनवला, अ‍ॅलिस आणि स्टारचा फोटॉन मल्टिप्लिसिटी डिटेक्टर कलकत्त्याच्या व्हीईसीसी या सायक्लोट्रॉन केंद्राच्या पुढाकाराने झाला. वर्षानुवर्षं सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की चमकणारा पदार्थ, कापणं, फायबर चिकटवणं, एकेक चॅनेल तपासणं असलं काम असतं ते. गंमत अशी की ज्या माणसाने तो डिटेक्टर खरंच हाताने उभा केला त्याचा आणि जो नंतर येऊन दोन शिफ्टा बसला त्याचा, दोघांचा एच-इंडेक्स सारखाच वाढतो. म्हणजे ९४ आकडा तुला एवढंच सांगतो की सर मोठ्या, चालत्या कोलॅबरेशनमध्ये बरीच वर्षं आहेत. त्या हजारांत ते स्वतः कोण आहेत, डिटेक्टरवाले, अ‍ॅनालिसिसवाले की नुसतेच आडनावाने एबीसीडीत वर येणारे, ते आकड्यात नाहीये.

आता मॅडमच्या बाजूला ये, इथे मी जास्त वेळ घालवणार आहे कारण हे बाहेरच्यांना अजिबात माहीत नसतं.

मॅडमचं आहे लो एनर्जी न्यूक्लिअर, म्हणजे छोट्या मशीनवरचे कमी ऊर्जेचे प्रयोग. त्यातला पेपर म्हणजे काय असतं? पेलेट्रॉन म्हणजे टीआयएफआरच्या आवारातलं १४ मिलियन व्होल्टचं मशीन, बीएआरसी आणि टीआयएफआरचं मिळून, उभ्या टॉवरमध्ये. वर आयन सोर्स, मध्ये टर्मिनल, तिथे धातूच्या गोळ्यांची साखळी फिरून चार्ज नेते, टाकीत विजेची ठिणगी रोखणारा एसएफ-सिक्स वायू भरलेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे, २००७ मध्ये पुढे सुपरकंडक्टिंग लायनॅक जोडला गेला. त्यावर बीम टाइम, म्हणजे झोत वापरायची पाळी, मागायचा तर प्रपोजल लिहायचं, कमिटीपुढे उभं राहायचं, मग कधीतरी चार-पाच दिवस मिळतात. आठ-आठ तासांच्या शिफ्टा. टार्गेट तू स्वतः बनवलेलं असतं, चौरस सेंटिमीटरला मिलिग्रॅमच्या हिशेबाची पातळ फॉइल, शिंकलीस तर गेली. समजा गॅमा स्पेक्ट्रोस्कोपी आहे, म्हणजे न्यूक्लियसमधून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जा मोजणं, तर भोवती क्लोव्हर डिटेक्टरची रांग, प्रत्येकात जर्मेनियमचे चार क्रिस्टल, सगळे लिक्विड नायट्रोजनवर. पहाटे तीन वाजता स्क्रीनवर ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची गॅमा रेघ बघत बसायचं आणि देवाला म्हणायचं बीम बंद पडू देऊ नको. एकदा चौथ्या रात्री आमचं फॅराडे कपवरचं, म्हणजे बीम किती येतोय त्याचं, रीडिंग हळूहळू उतरत गेलं, सोर्सवाल्यांना उठवलं, त्यांनी वर जाऊन कॅथोड बदलला, सगळं मिळून सात तास गेले आणि त्या सात तासांतली माझ्या विद्यार्थ्याची एक गॅमा रेघ पुढे पेपरमध्ये कंसात टाकावी लागली, म्हणजे नक्की नाही असं, आयुष्यभर कंसात.

पुढे तो डेटा घेऊन विद्यार्थी दीड-दोन वर्षं बसतो. कोणती गॅमा कोणाच्या बरोबर येते ते गेट लावून लावून, म्हणजे एकेक एनर्जी निवडून, बघायचं आणि त्यातून त्या न्यूक्लियसची लेव्हल स्कीम, म्हणजे ऊर्जेच्या पायऱ्यांचा नकाशा, जिन्यासारखी बांधायची. शेवटी फिजिकल रिव्ह्यू सी या जर्नलमध्ये एक पेपर निघतो, त्यावर १५-२० नावं, पहिलं विद्यार्थ्याचं, शेवटचं बहुतेक ग्रुपच्या वडीलधाऱ्याचं. आणि त्याला दहा वर्षांत सायटेशन किती? १५ झाली तर आम्ही खूश. जगात त्या भागातल्या न्यूक्लियसवर काम करणारे ग्रुप बोटांवर मोजण्याइतके, ते करून करून किती साइट करणार?

आणि खरी मेख पुढे आहे. न्यूक्लिअरमध्ये डेटा इव्हॅल्युएशन नावाची एक भली मोठी व्यवस्था आहे. तुझा लेव्हल स्कीमचा पेपर आला की कुणीतरी इव्हॅल्युएटर तो बारकाईने वाचतो, आधीच्या सगळ्या मोजमापांशी ताडून बघतो आणि ईएनएसडीएफ नावाच्या जागतिक फाइलमध्ये घालतो, आणि ते छापून येतं न्यूक्लिअर डेटा शीट्समध्ये. तिथून पुढे ज्या कुणाला ती एनर्जी किंवा ते हाफ लाइफ लागतं तो न्यूक्लिअर डेटा शीट्सला साइट करतो, तुला नाही. तुझं मोजमाप रोज वापरात आहे, हॉस्पिटलच्या आयसोटोपच्या हिशेबात असेल, रिअ‍ॅक्टरच्या कोडमध्ये असेल, पण सायटेशनचा ओघ तुझ्या दारावरून वळून दुसरीकडे गेला. क्रॉस सेक्शन, म्हणजे रिअ‍ॅक्शन होण्याची शक्यता किती ते, मोजलंस तर ते एक्सफॉर या प्रयोगांच्या आकड्यांच्या डेटाबेसमध्ये जातं, तिथेही तेच. म्हणून एखाद्या न्यूक्लिअरवाल्याचा पेपर चांगला आहे का हे मला बघायचं असेल तर मी सायटेशन नंतर बघते, आधी बघते की त्याचा आकडा एक्सफॉरमध्ये चढलाय का आणि इव्हॅल्युएटरने तो धरलाय की बाजूला टाकलाय. बाजूला टाकला असेल तर का टाकला ते तिथे लिहिलेलं असतं, आणि ते वाचून मी दोन नामवंतांविषयीचं माझं मत बदललंय.

एक उदाहरण देते म्हणजे पटेल. आपल्याकडे थोरियमचं एवढं चालतं ना, तर थोरियम-२३२ ने न्यूट्रॉन गिळला की थोरियम-२३३ होतं, ते २२ मिनिटांच्या हाफ लाइफने प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं आणि ते २७ दिवसांच्या हाफ लाइफने युरेनियम-२३३. आता मधल्या प्रोटॅक्टिनियमवर न्यूट्रॉन आदळून ते फुटतं किती, हे माहीत हवं, पण २७ दिवसांत अर्धं संपणाऱ्या मालाचं टार्गेट बनवून सरळ मोजणं म्हणजे डोक्याला ताप. मग मुंबईच्या पेलेट्रॉनवर लोकांनी थोरियमच्या टार्गेटवर लिथियम-६ चा बीम टाकून, दुसऱ्या वाटेने तेच कंपाउंड न्यूक्लियस, म्हणजे आदळल्यावर होणारं एकजीव न्यूक्लियस, तयार करून हे काढलं, सरोगेट पद्धत म्हणतात तिला, २००८ मध्ये फिजिकल रिव्ह्यू सीमध्ये आलंय. आता हे कोण साइट करणार? सरोगेटवाले करणार, थोरियम डेटावाले करणार, संपलं. मेडिकलच्या एखाद्या मधल्या दर्जाच्या रिव्ह्यूला वर्षभरात मिळतील तेवढी सायटेशन याला जन्मात मिळायची नाहीत, आणि तरी थोरियमचं गणित करणाऱ्याला याच्यासमोर थांबावंच लागतं.

याच्या उलट टोकाचेही पेपर असतात, ज्यांची सायटेशन आभाळाला भिडतात कारण ते हत्यारं आहेत. जिआँट-४ या सिम्युलेशन टूलकिटचा २००३ चा पेपर घे, डिटेक्टर सिम्युलेट करणारा प्रत्येक जण तो साइट करतो, करावाच लागतो. तसंच अ‍ॅटॉमिक मास टेबल, तसंच गॅमावाल्यांचं रॅडवेअर, फ्यूजनवाल्यांचं सीसीफुल ही सॉफ्टवेअरं. यात वाईट काही नाही, हत्यार बनवणाऱ्याला मान मिळायलाच हवा, पण एखाद्याच्या यादीत एका पेपरला काही हजार आणि बाकीच्यांना दहा-दहा असं दिसलं तर दचकू नकोस, तो एक पेपर उघडून बघ काय आहे तो.

आणि काही गोष्टी इतक्या मुरतात की साइट करायचं कुणाच्या मनातही येत नाही. होमी भाभांनी केंब्रिजला असताना इलेक्ट्रॉनवरून पॉझिट्रॉन कसा विखुरतो त्याचं गणित केलं, १९३६ मध्ये छापून आलं. पुढे जिनेव्हाच्या एलईपी या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन मशीनवर १९८९ पासून २००० पर्यंत ल्युमिनॉसिटी, म्हणजे टकरी किती होतात ते, मोजायची तर लहान कोनातल्या भाभा इव्हेंट्स, म्हणजे हेच विखुरणं, मोजूनच. रोज मोजत होते, पण १९३६ चा मूळ पेपर दर वेळी कोण साइट करणार, आडनावाचंच कॉमन नाउन झालं. तुझ्या बाबांनी भाभांचा एच-इंडेक्स बघितला तर बहुतेक म्हणतील, याच्याकडे नको जाऊस.

नावांवरून आठवलं. भारतीय, त्यात मराठी नावांचा डेटाबेसमध्ये जो चिवडा होतो तो विचारू नकोस. एस. पाटील शोधलंस तर निम्मं कोल्हापूर निघेल, आणि मशीन त्यातले चार पाटील एकत्र करून एक महान शास्त्रज्ञ बनवतं, जो सकाळी न्यूक्लिअर करतो आणि संध्याकाळी ऊस. माझं उलटं झालं. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या नावाने, नंतरचे सासरच्या, त्यामुळे एका डेटाबेसमध्ये बरीच वर्षं मी दोन बायका होते, दोघींचा एच-इंडेक्स किरकोळ, आणि एकीने दुसरीला साइट केलं की ते सेल्फ सायटेशन धरलं जात नव्हतं, तेवढाच काय तो फायदा. त्यामुळे तू पहिला पेपर पाठवायच्या आधी ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढ, १६ आकडी असतो, फुकट आहे, आणि पेपरवर नाव कसं लावायचं ते आत्ताच ठरव आणि मग लग्न कर नाहीतर नको करू, नाव बदलू नकोस. मॅडमचं नाव बदललंय का तेही विचार, १९ हा कदाचित अर्ध्याच बाईचा असेल.

गुगल स्कॉलरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फुगतो हेही लक्षात ठेव. आपल्या डीएई, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या, सिम्पोझियमच्या प्रोसिडिंग्जमधले दोन-दोन पानी पेपरही तो मोजतो. ते वाईट नसतात, मीही ढिगाने लिहिलेत, विद्यार्थ्याला लिहायची सवय लागते, पण ७२ मधले किती तसले आणि किती जर्नलमधले ते वेगळं काढ. आणि दरवर्षी गणपतीच्या आगेमागे पेपरात बातमी येते ना, अमुक प्राध्यापक जगातल्या २ टक्के शास्त्रज्ञांत, ती स्टॅनफर्डच्या आयोनिडिसची यादी. ती त्यातल्या त्यात बरी आहे कारण त्यात सहलेखक किती हे धरून भागलं जातं, पहिलं नाव आणि शेवटचं नाव वेगळं मोजलं जातं. तरी न्यूक्लिअर आणि पार्टिकल एकाच खोक्यात टाकलेत त्यात, आणि करिअरची यादी वेगळी, एका वर्षाची वेगळी, बातमीत कोणती ते सांगत नाहीत.

बरं, आता हातात काय घ्यायचं ते सांगते. सरांसाठी इन्स्पायर उघड, हाय एनर्जीवाल्यांचा डेटाबेस आहे. डाव्या बाजूला ऑथर किती असा फिल्टर आहे, दहा किंवा कमी असं निवड, आणि सेल्फ सायटेशन वगळ. ८०० चे किती उरतात बघ. मी एका कमिटीत हे केलं होतं तेव्हा ६०० चे ११ राहिले होते, आणि खोलीत शांतता पसरली होती, आणि मग ते ११ वाचल्यावर कळलं की माणूस उत्तम आहे, डिटेक्टरचं त्यांचं काम खरंच मूळचं होतं, ते आम्ही एरवी ६०० च्या ढिगात बघितलंच नसतं. म्हणजे फिल्टर लावणं हे माणसाला पाडायला असतं असं नाही. मॅडमसाठी इन्स्पायर पुरणार नाही, लो एनर्जीचं तिथे अर्धवट असतं, तिथे एनएसआर हा न्यूक्लिअर पेपरांचा डेटाबेस बघ, ब्रूकहेवनवाले चालवतात. सायटेशन मोजत नाही तो, पण कुठल्या न्यूक्लियसवर, कुठल्या रिअ‍ॅक्शनवर काय मोजलं हे एका ओळीत देतो. त्यावरून पंधरा मिनिटांत समजतं की बाईंनी एखादा प्रश्न धरून ठेवलाय, का मिळेल त्या बीमवर मिळेल ते मोजलंय.

मग दोघांचे पाच-पाच पेपर काढ, आणि त्यांना ज्यांनी साइट केलंय त्यातले चार-पाच उघडून ते वाक्य शोध. बहुतेक ठिकाणी 'या विषयावर अलीकडे बरंच काम झालंय, पाहा १ ते २३' असं असतं, त्यातला एक नंबर तुझा, ते सायटेशन म्हणजे लग्नाच्या पत्रिकेतलं 'आपले विनीत'. पण एखाद्याने 'अमुक यांच्या डेटाशी आमचा मेळ बसत नाही' असं म्हणून अर्धं पान घातलं असेल तर ते माझ्या हिशेबी पन्नासांच्या बरोबरीचं, कारण कुणीतरी यांचं काम इतकं गंभीरपणे घेतलंय की भांडायला आलाय.

आणि तुझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, विद्यार्थ्यांची नावं. मॅडमच्या जर्नल पेपरांत पहिली नावं कोणाची आहेत, ती मुलं आता कुठे आहेत. सरांच्या बाबतीत पहिलं नाव बघून उपयोग नाही, एबीसीडी आहे, तिथे विचार की विद्यार्थ्याची अ‍ॅनालिसिस नोट कोणती, ती कोलॅबरेशनच्या आत असते, तिच्यावर मोजकीच नावं असतात, आणि तो पेपर कोलॅबरेशनतर्फे कॉन्फरन्समध्ये कोणी मांडला. सरांनी पटापट चार नोटा आणि चार मुलांची नावं सांगितली तर जा खुशाल त्यांच्याकडे, मोठ्या कोलॅबरेशनमध्ये जे शिकायला मिळतं, दहा देशांच्या लोकांपुढे आपला प्लॉट डिफेंड करणं वगैरे, ते आमच्या छोट्या ग्रुपमध्ये मिळत नाही. आमच्याकडे टार्गेट बनवण्यापासून पेपरच्या शेवटच्या फुलस्टॉपपर्यंत सगळं स्वतः करायला मिळतं, आणि पाच वर्षांनी हातात तीन पेपर असतात. दोन्ही धंदे वेगळे आहेत, तुला कशात मजा येते ते तुलाच माहीत.

मॅडमकडे दुसऱ्यांदा जाशील तेव्हा त्यांचा बीम टाइम चालू असताना जा, आधी परवानगी काढावी लागेल, सीएसएमटीवरून नेव्हीनगरची बस धर आणि आधार कार्ड विसरू नकोस, गेटवर सोडत नाहीत. कंट्रोल रूममध्ये तासभर नुसती बसून राहा. बाबांनाही नेलं असतंस तर बरं झालं असतं, पण त्यांना आत घेतील का माहीत नाही, त्यांना कुलाब्यात कुठेतरी चहाला बसव.